साडूच्या घरचा खर्ज

या, पुढे या. खांबाआड बसलेल्यांनाही देव दिसू दे, आणि देवालाही कळू दे कोण कोण आलंय ते! त्या निळ्या साडीतल्या ताई, बाळाला त्या कर्ण्यासमोरून जरा अलीकडे घेता का? — आणखी थोडं. हां, तिथे. लेकराच्या कानाचा पडदा कांद्याच्या पापुद्र्याएवढा असतो. आता माझं लक्ष तिकडे लागणार नाही. बोलते सुखाने.

मंडळी, ऐका. एकच प्रश्न घेऊन उभी आहे.

समजा, तुम्ही जेवायला बसलात. पानात घरचं पिठलं. गरम, झणझणीत, बोटं चाटताय. तेवढ्यात कुणी म्हणतं, "काल तुमच्या जावेकडे पिठलं खाल्लं, काय चव होती!" झालं! पुढचा घास कसा लागतो? पिठलं तेच, मीठ तेच, तवा तोच. मग बिघडलं काय? दुसऱ्याचं चांगलं झालं, की आपल्या पानातलं नेमकं काय कमी होतं?

हसू नका. त्या कोपऱ्यातून फार मोठं हसू आलं, म्हणजे तिथे जावा शेजारी शेजारी बसल्यात!

माणसाचे सहा शत्रू. काम, क्रोध, लोभ, मोह, मद — हे पाच जण गाजावाजा करत येतात. रागावलेला माणूस चार घरांना ऐकू जातो. पण सहावा? मत्सर? तो आवाजच करत नाही. सभ्य माणसासारखा येतो, पाणी मागतो, मांडी घालून बसतो. आणि मुख्य म्हणजे — गप्प बसतो. आजचं आख्यान त्या गप्प बसण्याचं.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या अंगाला शामराव मिठारी नावाचे गृहस्थ राहायचे. लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, आयुष्य गेलेलं. हात इतके नेमके, की लोखंडाचा केस काढावा तर यांनी. त्यांचे वडील आप्पा मिठारी पखवाज वाजवायचे. गावोगावच्या देवळांत त्यांचा पखवाज ठरलेला. आप्पा गेले, मागे राहिलं काय? एक पखवाज, आणि एक टेप. स्पूलची हो, ती चक्रीवाली. पाऊण तासाचं एकट्या पखवाजाचं वादन, घरीच बसून मुद्रित केलेलं. त्याची दुसरी प्रत नाही.

आणि शामरावांना एकच वेड. स्पीकर! साखर कारखान्यावर एक परदेशी इंजिनियर आला होता, तो परत जाताना यांना जोडी देऊन गेला. स्पीकर कसले, कपाटं होती! दोन माणसांनी उचलावीत अशी. आत परातीएवढा कागदी पडदा, त्याच्या कडेला घड्या घातलेलं कापड. जगातल्या नामांकित घरांत असत तसे.

कशासाठी एवढं? खर्जासाठी. आता खर्ज म्हणजे काय? शिकलेली मुलं त्याला बेस म्हणतात. — दादा, डग्ग्यावर एक थाप द्या. नुसती थाप, घुमवा जरा... ऐकलंत? कानाला कळण्याआधी पोटात कळलं की नाही? तो खर्ज.

दर वर्षी आप्पांच्या पुण्यतिथीला सकाळी शामरावांच्या घरी दहा-पंधरा जण जमायचे. फोटोला हार, उदबत्ती, आणि मग टेप. पहिली थाप पडली की शामराव कपाटाच्या लाकडावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. गायनशाळेतले हिंदुराव मास्तर म्हणायचे, "आप्पा आले खोलीत." मग झुणका-भाकरी. वीस वर्षं असंच. पंचक्रोशीत नाव झालं, खर्ज ऐकावा तर मिठारींच्या घरी.

आणि मग, मंडळी, साडू आला!

शामरावांच्या पत्नी शालनताई. त्यांची धाकटी बहीण वैजयंती. तिचे यजमान धैर्यशील पोवार. पुण्याची नोकरी सोडून कोल्हापुरात आले, दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं. पोरगा गुणी. बायको शामरावांना 'दाजी' म्हणायची, ते ऐकून ऐकून तोही 'दाजी'च म्हणायचा, आणि नाद कुठला लागला? शामरावांचाच! दाजींच्या घरी खर्ज ऐकून ऐकून त्यानेही स्पीकर आणले. नवे. अगदी आत्ताच्या घडणीचे.

दिसायला कसे? रुंदीला वहीएवढे, उंचीला माणसाच्या खांद्याएवढे. आत परात नाही. बशीएवढे चार पडदे, एकाखाली एक.

शामरावांनी पाहिलं आणि जिवात जीव आला. म्हणाले, "बशीतून कधी खर्ज येतो का?"

येतो. कसा, ते सांगते. मलाही आधी कळलं नव्हतं, कॉलेजात शास्त्र शिकूनही. खर्ज म्हणजे हवा हलवणं. जुन्या घडणीत परात मोठी, पण ती हलणार नखभर. नव्या घडणीत बशी लहान, पण पुढे-मागे जाणार बोटभर, आणि अशा चार! एकीने मोठं सूप घेऊन सावकाश पाखडावं, दुसरीने चार लहान सुपं घेऊन सपासप. धान्य दोघींचं पाखडून होतं. जुन्याची थाप अंगावर येते. नवं खाली, फार खाली उतरतं.

आता हे शामरावांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं! तीच तर अडचण. ज्याला काही कळत नाही त्याला मत्सर होत नाही हो. मला विमान चालवणाऱ्या बाईचा मत्सर वाटत नाही. पण माझ्या लेकीच्या आधी शेजारची लेक चालायला लागली, त्या दुपारी मी काय काय केलं, ते देवासमोर सांगत नाही!

शामरावांची दूध आणायची वाट बदलली. लांबची वाट, पण साडूच्या खिडकीखालून जाणारी. तिथे पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला फार वेळ लागायचा. दारात चपला किती, कुणाच्या, ते ओळखायचे. एकदा हिंदुराव मास्तरांची चप्पल दिसली. त्या दिवशी दूध नासलं. तिथेच उन्हात उभे राहिले होते.

घरी आले की आपले स्पीकर मोठ्याने लावायचे. मांडणीतली भांडी थरथरायची. पूर्वी त्यात सुख होतं, आता त्यात फक्त ताकद दिसायला लागली. आणि येईल त्याला सांगायचे, की नव्या स्पीकरचं लांबून बरं वाटतं, जवळ बसलं की डोकं उठतं. जवळ बसले होते का कधी? एकदाही नाही.

एकदा बायकोला विचारलं, "तुझ्या बहिणीकडे काय ऐकायला येतं गं, एवढी माणसं जातात ती?"

शालनताई भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माणसं हसताना ऐकू येतात."

घ्या! आणि वर म्हणाल्या, त्यांचे स्पीकर सडपातळ आहेत, केर काढायला किती सोपं. आपल्या पेटाऱ्यांखाली झुरळांच्या दोन पिढ्या नांदतायत.

अशात आप्पांची पुण्यतिथी आली. मंडळींनी टूम काढली, या वर्षी टेप दोन्हीकडे ऐकू. आधी मिठारींकडे, मग चालत पोवारांकडे. होऊन जाऊ दे जुनं आणि नवं. धैर्यशीलने हात जोडून सांगितलं, दाजी नको म्हणाले तर नको. आता सगळ्यांसमोर नको कसं म्हणायचं? शामराव म्हणाले, "नेऊ की. आप्पा काय माझे एकट्याचे होते?"

तोंडाने म्हणाले हो. आतून काय चाललं होतं? आप्पा माझेच! टेप माझी! आणि ती ऐकायची त्याच्या बश्यांतून!

सकाळी मिठारींकडे झालं. छान झालं. मग वरात निघाली. स्पूलचं मशीन दोघांनी धरलेलं, टेप शामरावांच्या छातीशी. पोवारांच्या बैठकीत सगळे बसले. आणि धैर्यशीलने काय केलं? नव्या वायरी शामरावांच्या हातात दिल्या. म्हणाला, "दाजी, तुम्हीच जोडा. तुमच्यामुळे नाद लागला, हात तुमचा लागू दे."

बघा मोठ्यांना मान द्यायची पद्धत! आपल्याकडे नवी शिलाई मशीन आली तरी पहिला टाका थोरल्या माणसाने घालायचा.

शामराव स्पीकरच्या मागे वाकले. मागे अंधार. नवी वायर पारदर्शक, दोन्ही पदर दिसायला जुळे. एकाच्या अंगावर केसाएवढी रेघ, तेवढीच खूण, कुठला पदर लाल खुंटीला आणि कुठला काळ्या. चष्मा खिशात होता. काढला नाही! साडूसमोर म्हातारं दिसायचं नव्हतं. धैर्यशीलने मोबाईलचा दिवा धरला, तर म्हणाले, "राहू दे, चाळीस वर्षं जोडतोय."

एक स्पीकर बरोबर जोडला. दुसऱ्याचे पदर उलटे लागले.

मंडळी, इथपर्यंत पाप नाही. लिहून घ्या. हात चुकला. हात कुणाचाही चुकतो.

टेप सुरू झाली. आवाज आला, मोठा आला, स्वच्छ आला. बोटांची नखं मोजावीत इतका स्वच्छ. आप्पांची थाप पडली... आणि पोटात काही नाही! पखवाज जणू पत्र्याच्या डब्यावर वाजतोय.

का? एका स्पीकरचा पडदा पुढे येतोय, तेव्हा दुसऱ्याचा मागे जातोय. हा हवा ढकलतोय, तो तीच हवा ओढून घेतोय. बारीक आवाजाला फार फरक पडत नाही. पण खर्ज? खर्ज तिथल्या तिथे मरतो. दोघंही जिवाच्या आकांताने राबतायत, एकही कमी पडत नाही, आणि पदरात शून्य. सख्ख्या भावांची घरं अशी मी पाहिली आहेत. तुम्ही पाहिली नाहीत?

शामरावांना कळलं का? पहिल्या थापेला कळलं! नजर सरळ वायरीवर गेली. उठायचं, दोन पदर फिरवायचे, अर्ध्या मिनिटाचं काम. "थांबा हो, माझ्याकडून उलटं लागलं," एवढंच म्हणायचं.

शामराव उठले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि सतरंजीचा दोरा ओढत बसले.

हे पाप!

हिंदुराव मास्तर म्हणाले, "आप्पांना उपाशी ठेवलंत हो, पोवार." मंडळी हसली. कुणी म्हणालं, बशीत बशीएवढंच मावणार. धैर्यशील लालबुंद झाला. मशीन तपासलं, आवाज कमी-जास्त केला, स्पीकर भिंतीजवळ सरकवून पाहिले. सगळं तपासलं, एक सोडून. वायरी तपासल्या नाहीत. का? त्या दाजींनी जोडल्या होत्या. थोरल्या माणसाचं काम त्याच्यासमोर उलगडून बघायचं? त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. ज्या मानाने तो वाकला होता, त्याच मानाने त्याला बांधून टाकलं.

दारात वैजयंती उभी होती, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. नवऱ्याला लोक हसताना बघत होती. तिने बाळाचं डोकं खांद्यात दाबून घेतलं. लेकराला तरी ऐकू जाऊ नये, म्हणून.

शामराव जिंकले. घरी येताना सगळे त्यांच्याबरोबर चालले. जेवण गोड लागलं असेल? विचारा. अर्धी भाकरी पानात तशीच राहिली.

पुढच्या रविवारी वैजयंती बहिणीकडे आली नाही. एरवी दर रविवारी यायची. शालनताई बाळासाठी पाणी तापवून ठेवायच्या. ते पाणी तसंच निवलं. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मग कळलं, स्पीकर परत पाठवायचे ठरलंय. बुधवारी टेम्पो येणार. धैर्यशील म्हणतो, मला या विषयातलं कळत नाही, मी उगीच दाजींची नक्कल केली.

मंगळवारी सकाळी शालनताई नवऱ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "एक विचारू? वीस वर्षं बघतेय. टेप लागली की तुमचे डोळे मिटतात. त्या दिवशी मिटले नाहीत. तुम्ही स्पीकरच्या मागे बघत होता. काय होतं तिथे?"

बायका गाणं ऐकत नसतील, पण ऐकणाऱ्याला बघत असतात! शामरावांनी खिशातला चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, सांगितलं तर लोक मला काय म्हणतील? शालनताई म्हणाल्या, "लोकांचं मला माहीत नाही. माझी बहीण यायची बंद झालीय."

उठले. पायात चप्पल घातली आणि दोन गल्ल्या चालले. मंडळी, दोन गल्ल्या! पण त्या दोन गल्ल्यांत वीस वर्षांचं नाव एका टोकाला सोडून दुसऱ्या टोकाला पोचायचं होतं.

धैर्यशील घरीच होता. एक स्पीकर खोक्यात गेलेला, दुसऱ्याला कापड गुंडाळत होता. स्पूलचं मशीन आणि टेप तिथेच होती. त्या दिवसापासून ते घ्यायला यायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

शामराव उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "वायर उलटी लागली होती. माझ्या हातून."

धैर्यशील हसला. "असू दे की दाजी. होतं."

इथे सुटले असते हो! एवढ्यावर माफी मिळत होती. घरी जाऊन सांगता आलं असतं, सांगितलं म्हणून. पण शामराव लोखंडाचा केस काढणारे. अर्धवट काम त्यांना येत नव्हतं.

"होतं नाही," ते म्हणाले. "मला कळलं होतं. पहिल्या थापेला. मी गप्प बसलो."

धैर्यशीलच्या हातातलं कापड थांबलं. त्याने ते खाली ठेवलं. मग विचारलं, "मास्तर हसले तेव्हापण?"

"तेव्हापण."

"का?"

शामराव म्हणाले, "तुझ्याकडे चांगलं वाजेल म्हणून."

धैर्यशील उठला. खोक्यातला स्पीकर बाहेर काढला. या वेळी वायरी त्याने स्वतः जोडल्या, दाजींच्या देखत, एकेक पदर उजेडात धरून. रागावला होता. दोन्ही स्पीकरच्या समोर मधोमध त्याची खुर्ची होती. ती दाखवून म्हणाला, "बसा. नीट ऐका तरी एकदा."

शामराव साडूच्या खुर्चीत बसले. टेप लागली.

थाप पडली! आप्पांचा डावा हात, पखवाजाची कणीक लावलेली बाजू, धूम. जमीन भरून आली. आणि त्याच्याही खाली... आणखी काहीतरी. ठोका नाही, घाव. जड, गोल, दूरचा. आप्पांचे बोल चाललेत आणि खालून कुणीतरी भिंतीपलीकडून जमीन हलवतंय.

धैर्यशील घाबरला. म्हणाला, "टेप खराब झालीय का? खालून काहीतरी आपटतंय."

शामरावांनी हात वर केला. थांब. आणि बोटांवर मात्रा मोजायला लागले. चौताल, बारा मात्रा. पहिलीवर घाव. पाचवीवर घाव. नववीवर घाव. पुन्हा पहिली, नेमका समेवर. चार आवर्तनं मोजली. एकदाही चुकला नाही.

"आई कुटतेय," शामराव म्हणाले.

मागच्या सोप्यात उखळ होतं. वर्षाची चटणी कुटायचे दिवस असावेत. आप्पा पुढच्या खोलीत मुद्रण करतायत, आणि ती माउली मागे मुसळ घालतेय — त्यांच्या तालात! तिने आयुष्यात कधी गाण्याबद्दल शब्द काढला नव्हता. घरातले म्हणायचे, तिला त्यातलं काही कळत नाही. आणि इथे सम एकही सुटत नव्हती.

वीस वर्षं ती त्या टेपमध्ये होती. शामरावांच्या जुन्या स्पीकरांत आप्पा यायचे, पुरे यायचे. पण इतकं खाली ते उतरू शकत नव्हते. आणि दोन आठवड्यांपूर्वी, ज्या दिवशी ती पहिल्यांदा ऐकू आली असती, भरल्या बैठकीत, सगळ्या गणगोतासमोर, त्या दिवशी लेक सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. त्याला वाटलं आपण साडूचा आवाज दाबला. दाबली कुणाला? आईला!

दारात वैजयंती आली होती. म्हणाली, "दाजी, पाणी आणू?" शामरावांनी बाळाकडे हात पसरले. तिने क्षणभर विचार केला, मंडळी. आई आहे, करणारच. मग बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने कान टवकारले. खालचा घाव पडला की त्याच्या पावलांची बोटं आवळली जायची.

बुधवारी टेम्पो आला तसा रिकामा परत गेला. त्या रविवारी शामरावांनी त्याच दहा-पंधरा जणांना पोवारांच्या घरी बोलावलं, आणि टेप लावण्याआधी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, काय केलं ते. हिंदुराव मास्तर दोन महिने त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. बरोबर आहे. आपल्याला फुकट फसवलेलं कुणाला आवडेल?

आता तुम्ही विचाराल, महाराज, जिंकलं कोण? जुनं की नवं? पुरुष मंडळी केव्हाची तेवढ्यासाठीच ताटकळलीत! ऐका तर. पखवाजाची थाप अंगावर घ्यायची असेल, तर आजही शामरावांची कपाटं. तळाला जाऊन काय दडलंय ते बघायचं असेल, तर धैर्यशीलच्या बश्या. हा निकाल शामरावांनीच दिला. देता आला, कारण तोवर दोन्हीकडे बसून झालं होतं.

तुमचं काय? असं एक घर प्रत्येकाचं असतं. नात्यातलं असतं, नाहीतर शेजारचं. तिथे काहीतरी फार चांगलं चाललंय, म्हणून आपण जात नाही. कारणं सांगतो. वेळ नाही, गुडघा दुखतो, मुलांची परीक्षा आहे. मलाही असं घर आहे; पत्ता सांगणार नाही, इथून तीन मिनिटांवर आहे. त्या घरात आपल्यासाठी काय ठेवलंय, आपल्याच माणसाचा कुठला आवाज, ते उंबऱ्याबाहेर उभं राहून कळणार नाही. तिथे कधी गप्प बसला असाल, जिथे एक वाक्य बोलायचं होतं, तर ते वाक्य अजून तुमच्याकडेच आहे. त्याला गंज चढतोय.

आरती होईल, प्रसाद घ्या, आणि घरी न जाता तिकडे वळा. मीही वळणार आहे, लेकीला कडेवर घेऊन. चपला शोधताना माणसाचा विचार बदलतो, म्हणून आत्ताच सांगते, चपला इथेच राहू द्या.

उठा. निरांजन लावा.